मुलीला बोलता येत नाही म्हणून केस उभी राहत नाही, हे खरं नाही

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या बहिणीची मुलगी १४ वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नाही म्हणून बोलणंही आलं नाही, तिसरीनंतर शाळा बंद. दोनेक महिने झाले, घरातला एक नातेवाईक आला की पोरगी उठून गोठ्यात जाऊन बसते, रात्री अंथरूण ओलं करते, दंडावर वळ दिसलेत. बहिणीच्या सासरचे म्हणतात तिला काय सांगता येत नाही, तुम्ही उगीच घरात आग लावू नका, आणि वर असंही चाललंय की तिची गर्भपिशवीच काढून आणूया म्हणजे पुढचा घोर नको. पोलिसात जायचं तर तिथं सगळं कन्नडमध्ये आणि मुलगी अशी. काय करायचं?

ताई, तुम्ही जे बघितलंय ते बरोबर बघितलंय असं धरूनच चाला. मी गेली बावीस वर्षं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात कर्णबधिर आणि गतिमंद मुलांना शिकवतेय, आणि माझ्याकडं अशी शंका घेऊन आलेल्या आया-मावश्यांपैकी एखाददुसरीच चुकली असेल. बाकीच्या सगळ्या उशिरा आल्या होत्या एवढंच.

म्हणून आधी आज रात्रीचं बघूया. मुलीला तुमच्याकडं नाहीतर आजोळी घेऊन जा, कारण काय पण सांगा, आजीला बरं नाही सांगा, पण तो माणूस जिथं येतो-जातो त्या घरात ती आज झोपायला नको. आणि त्याला एक शब्द बोलू नका. राग येतोय हे मला कळतंय, पण जाब विचारला की तो सावध होतो, घरच्यांना फिरवतो आणि पोरीला धमकावतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. शेवटचा प्रकार मागच्या तीन दिवसांतला असेल असं वाटत असलं तर तिला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कोऱ्या कागदी पिशवीत ठेवा (प्लास्टिकमध्ये ओल धरते) आणि थेट सरकारी हॉस्पिटलला न्या. ७२ तासांच्या आत गेलं तर गर्भ राहू नये म्हणून आणि एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायची औषधं देता येतात. जास्त दिवस झाले असले तरी जायचंच. आता काय सापडणार म्हणून घरी बसू नका, कारण तपासणी नुसती पुराव्यासाठी नसते, पोरीच्या तब्येतीसाठी पण असते. उपचार फुकट करायची सक्ती सरकारी आणि प्रायव्हेट दोन्ही हॉस्पिटलांवर आहे, आधी एफआयआर आणा मग बघतो असं कुणी म्हणू शकत नाही. तपासणी लेडी डॉक्टरच करणार आणि तिच्या भरवशाचं माणूस जवळ असणार, हे पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यातच लिहिलंय.

आता मुलीला विचारायचं कसं? इथं सगळे चुकतात. आई विचारते, मावशी विचारते, आजी हातवारे करून विचारते, मग शेजारीण, आणि प्रत्येक वेळी त्याच माणसाकडं बोट दाखवून “त्यानं केलं? त्यानं केलं?” असं. कर्णबधिर पोर मान हलवते कारण मान हलवली की मोठी माणसं खूश होतात हे ती लहानपणापासून शिकलेली असते, आणि पुढं कोर्टात वकील बरोबर ह्याच जागी बोट ठेवतो. तेव्हा एकदा, एकाच माणसानं, शांतपणे, “काय झालं?” एवढीच खूण करून थांबायचं. ती जे दाखवेल ते, ज्या क्रमानं दाखवेल त्या क्रमानं, तारीख घालून वहीत लिहून ठेवायचं. जास्त खोदू नका, पुढचं माझ्यासारख्या माणसाचं काम आहे.

वहीत अजून एक पायजे, तिच्या घरातल्या खुणांची यादी. त्या यादीबद्दल सविस्तर सांगते, कारण माझ्या अनुभवात अख्खी केस तिच्यावर उभी राहिलीय.

काही वर्षांपूर्वी, गाव सांगत नाही आणि ओळख पटेल असं काही बदलूनच सांगते, १३ वर्षांची एक पोर. शाळेचं तोंड बघितलेलं नाही, त्यामुळं शाळेत शिकवतात ती सांकेतिक भाषा तिला येतच नव्हती, तिच्याकडं होत्या त्या घरातल्या खुणा. आईसाठी नाकपुडीला बोट, म्हणजे चमकी. बापासाठी कानामागं बोट, तिथं तो बिडी अडकवायचा. आजीसाठी दातांवर बोट फिरवायची, मशेरी. आणि गल्लीतल्या एकासाठी दोन्ही मुठी पुढं धरून उजवं मनगट पिरगाळायची, कारण तो दिवसभर मोटरसायकलवर. जबाब घ्यायला लेडी पीएसआय साध्या साडीत घरी आल्या. पोरीनं मुठी पिरगाळल्या, मग हवेत दाराची कडी लावली, मग स्वतःच्या तोंडावर तळवा दाबला आणि दुसऱ्या हातानं तोच तळवा झटकून टाकला. अर्ध्या तासानं परत विचारलं तर परत तेच, मुठी, कडी, तळवा, एक खूण इकडची तिकडं नाही. बरोबर आलेल्या दुभाष्याला चांगलं शिक्षण होतं, पण त्यांना मुठींचा अर्थ लागला “गाडी”. आई रडत म्हणत होती, गाडी नव्हं ओ, गाडीवाला. पण आईनं सांगितलेलं लगेच धरता येत नाही, उद्या म्हणतील आईनंच शिकवलं. सुदैवानं मी आधल्या आठवड्यात आईला बाजूला बसवून तिच्याकडून घरातल्या सगळ्या खुणांची यादी वहीत उतरून घेतली होती, चाळीसेक खुणा, ह्या विषयाशी संबंध नसलेल्याच जास्त. भात, म्हैस, पाऊस, मामा, बाजार. मग आठ वेगवेगळ्या माणसांचे फोटो पोरीसमोर ठेवले, एकेक. सात फोटोंना तिनं त्या त्या माणसाची वेगवेगळी खूण केली आणि आठव्याला मुठी पिरगाळून फोटो उलटा घातला. सगळं व्हिडिओत आहे. ती वही पुढं कोर्टात चालली.

म्हणून म्हणते, तिला सांगता येत नाही हे सासरच्यांचं म्हणणं कायद्यातही बसत नाही. पोक्सोच्या कलम २६ मध्ये आहे की मुलाला अपंगत्व असेल तर विशेष शिक्षक, किंवा त्या मुलाची बोलायची रीत माहीत असलेला माणूस, ह्यांची मदत जबाबाला घेता येते. असे दुभाषे, भाषांतरकार आणि विशेष शिक्षक ह्यांची यादी जिल्हा बाल संरक्षण घटकाकडं असलीच पायजे असं २०२० च्या नियमांत आहे आणि त्यांची फी सरकार देतं, तुम्ही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांतही हे आहे. अपंग मुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी येऊन तक्रार लिहायची, दुभाषा बरोबर ठेवायचा, व्हिडिओ करायचा. मॅजिस्ट्रेटसमोर एकदा नीट जबाब झाला की तोच तिची मुख्य साक्ष धरला जातो, परत पहिल्यापासून सगळं हातवाऱ्यांनी दाखवायला लागत नाही. आणि बोलता न येणाऱ्या साक्षीदारानं भर कोर्टात खुणांनी दिलेली साक्ष ही तोंडी साक्षच समजतात.

सुप्रीम कोर्टाचा २०२१ चा एक निकाल आहे, पाटन जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार. मुलगी जन्मापासून आंधळी होती, तिनं आरोपीला आवाजावरून ओळखलं होतं. कोर्टानं स्वच्छ सांगितलं की अपंग बाईची साक्ष अपंगत्वामुळं कमी दर्जाची ठरत नाही. वकिलाकडं जाताना ह्या निकालाचं नाव कागदावर लिहून न्या, सगळ्यांना माहीत असतं असं नाही.

ह्या सगळ्याच्या वर अपंगत्वाचा फायदा घेऊन अत्याचार केला, किंवा नातेवाईकानं केला, तर पोक्सोत तो साधा गुन्हा राहत नाही, जास्त गंभीर धरतात, आणि बलात्कार असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी २० वर्षं शिक्षा. सासरच्यांना अजून एक गोष्ट ऐकवा. माहीत असून पोलिसांना न कळवणं हा सुद्धा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि चांगल्या हेतूनं कळवलं आणि पुढं सिद्ध झालं नाही तरी कळवणाऱ्याला काही होत नाही. घरातल्या घरात मिटवूया, गावच्या पंचांत बसूया, असं म्हणत कुणी आलं तर चहा पाजून परत पाठवा, हा गुन्हा मिटवता येणाराच नाही.

आता भाषेचं. आपल्या भागात हे दुखणं मोठं आहे, आणि सीमाप्रश्नाचं राजकारण इथं बाजूला ठेवून बोलूया कारण पोरीला त्याच्याशी देणंघेणं नाही. घरात मराठी, शाळा मराठी, आणि स्टेशनात एफआयआर कन्नडमध्ये. आई अंगठा उठवते नाहीतर मराठीत सही करते आणि खाली काय लिहिलंय ते तिला माहीत नसतं. मी एक जबाब बघितलाय ज्यात “शेजारच्या घरात नेलं” ह्याचं “शेजारच्या घरी गेली होती” झालं होतं. मुद्दाम कुणी केलं असं मी म्हणत नाही, लिहिणाऱ्याला मराठी अर्धवट येत होतं, पण नेलं आणि गेली ह्यात पुढं सगळी केस फिरते. तेव्हा सही करायच्या आधी म्हणायचं, साहेब मराठीत वाचून दाखवा. मुलांचा जबाब त्यांनी सांगितल्यासारखाच लिहायचा आणि भाषा कळत नसेल तर भाषांतरकार द्यायचा हे त्याच कलम २६ मध्ये आहे. बरोबर कन्नड वाचता येणारं आपलं माणूस न्या, गावातली अंगणवाडी टीचर किंवा कॉलेजला जाणारी पोरगी पण चालेल, भावकीतला नको. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या.

आणि हद्द. आपले लोक ऊसतोडीला, वीटभट्टीला, गोव्यात घरकामाला जातात, प्रकार एका ठिकाणी घडतो आणि कळतो दुसऱ्या ठिकाणी. चंदगडवाले म्हणतात बेळगावला जा, बेळगाववाले म्हणतात ते महाराष्ट्रात. असं कुणी फिरवलं तर झिरो एफआयआर म्हणायचं, एवढे दोनच शब्द. कुठल्याही स्टेशनला तक्रार घ्यायलाच लागते, मग ते आपसात पाठवतील. स्टेशनला जायची भीती वाटत असेल तर १०९८ ला फोन करा, तो मुलांसाठी आहे, नाहीतर ११२. बाल कल्याण समितीपुढं मुलीला नेलं की ते आधाराला एक माणूस नेमतात, कोर्टाच्या शेवटापर्यंत बरोबर राहणारा. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, मुलं, बायका आणि अपंग ह्यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नुकसानभरपाईचा अर्जही तिथंच. बहिणीला घरातून बाहेर काढू म्हणून धमकावतील, तर २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यानं त्या घरात राहायचा तिचा हक्क आहे.

पिशवीचं. ताई, हे मात्र कुठल्याही परिस्थितीत होऊ देऊ नका. सासरचे वाईट हेतूनंच म्हणतात असं नाही, पाळीत कपडे खराब करते, तिला सांभाळणारी एकटी आई, तिचाही जीव दमलेला असतो, हे मी जाणते. पण पिशवी काढल्यानं अत्याचार थांबत नाही, फक्त गर्भ राहत नाही. करणाऱ्याची ती एकच भीती असते, तीही आपण आपल्या हातानं काढून देतो. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या गतिमंद मुलींची पिशवी पुण्यात ससूनला नेऊन काढली होती, पाळीची स्वच्छता राखता येत नाही हेच कारण सांगून. महिला संघटना रस्त्यावर आल्या आणि पुढची ऑपरेशनं थांबवायला लागली. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम १० आहे, तिची स्वतःची समजून-उमजून दिलेली संमती नसताना मूल होणं बंद करणारं कुठलंही ऑपरेशन करता येत नाही. तुमची भाची तर नुसती ऐकू न येणारी आहे, बुद्धीला काही झालेलं नाही, पाळी ती चार महिन्यांत शिकेल. गतिमंद पोरीसुद्धा शिकतात. मी कपड्याच्या बाहुलीला चड्डी घालून शिकवते, पॅडवर कुंकवाचं पाणी टाकायचं, बाहुलीचं पॅड बदलायचं, गुंडाळायचं, डब्यात टाकायचं, हात धुवायचे, महिनाभर रोज तेच, मग स्वतःवर. एका आईला खरं वाटत नव्हतं, तिसऱ्या पाळीला पोरीनं स्वतः जाऊन पॅड आणलं तेव्हा ती माऊली तिथंच उंबऱ्यावर बसली.

इथवर तातडीचं झालं. पण मला जे पोटतिडकीनं सांगायचंय ते ह्याच्या आधीचं आहे, कारण ह्या पोरीपर्यंत तो माणूस पोचला ते एका दिवसात नाही. अपंग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता बाकी मुलांच्या ३.७ पट असते असं २०१२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निघालं होतं, आणि आपल्याकडं पोक्सोच्या बलात्काराच्या केसेसमध्ये दरवर्षी ९० टक्क्यांहून जास्त आरोपी ओळखीचेच असतात. ओळखीच्या माणसाला बरोबर माहीत असतं की कुठल्या पोरीचं कोण ऐकणार नाही. आणि हे त्याला कळतं कुठून? आपल्याच वागण्यातून.

दोन कर्णबधिर भावंडं एका घरात बघितलीत मी, भावाला कानाचं मशीन, बहिणीला नाही. मशीन तर सरकारी एडिप योजनेतून फुकट मिळतं, पैशाचा प्रश्नच नव्हता, पण तालुक्याला तीन हेलपाटे कोण घालणार, आणि घालायचेच तर पोरासाठी. मुलीचा अपंगत्वाचा दाखला काढत नाहीत, कारण कार्ड काढलं की लग्नाच्या वेळी बाहेर येईल, तिचं नाही तर धाकटीचं मोडेल. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग, त्यात पुरुष दीड कोटी आणि बायका १.१८ कोटी. हा जो फरक आहे त्यात अशा लपवलेल्या पोरी किती असतील ह्याचा विचार माझ्या मनातून जात नाही. दाखला नाही म्हणून शाळेत सवलत नाही, पेन्शन नाही, पंचायतीच्या यादीत नाव नाही, म्हणजे ती कुणाच्या हिशोबातच नाही. आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत नाहीतर रानात कामाला जाते तेव्हा घरी कोण थांबणार, तर हीच, हिला शाळा कुठं आहे. पाहुणे आले की आत बसवतात. जत्रेला नेत नाहीत. आणि हाक मारतात मुकी म्हणून. तिला ऐकू येत नाही म्हणून चालतंय म्हणे, पण गल्लीतल्या बाकी सगळ्यांना तर ऐकू येतं ना.

आणि केसात जट दिसली की देवीचं बोलावणं म्हणायचं हे अजून आपल्या भागात पूर्ण गेलेलं नाही. यल्लम्माची सौंदत्ती आपल्याच जिल्ह्यात आहे, कर्नाटकानं १९८२ मध्ये देवदासी सोडण्याविरुद्ध कायदा केला, तरी ज्या पोरीचं लग्न होणार नाही असं घरच्यांनी ठरवलंय तिच्याबाबतीत हा विषय हळू आवाजात निघतोच. जट केस न विंचरल्यामुळं होते. कापायची.

लग्नाचं पण बोलते, कारण पिशवीला नाही म्हटलं की पुढचा सल्ला तोच येणार आहे, पलीकडं कोल्हापूर जिल्ह्यातलं वयानं मोठं स्थळ, हुंडा नको, पोरगी द्या. ती १४ ची आहे. कर्नाटकाच्या दुरुस्तीनं इथं बालविवाह मुळातूनच रद्द धरतात, आणि १८ च्या आतल्या बायकोशी संबंध हा बलात्कारच, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ ला सांगितलंय. ज्यानं केलं त्याच्याशीच लावून देऊया असं म्हणणारे शहाणेही भेटतील. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, १०९८ ला कळवा.

तर उद्या सकाळी असं करा. बहिणीला आणि मुलीला घेऊन बेळगावची बस पकडा, बहीण आधार कार्ड घेऊ दे, कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसला तिकीट नाही. आधी हॉस्पिटल. तिथंच सखी वन स्टॉप सेंटर (अत्याचार झालेल्या बायका-मुलींसाठीचं सरकारी मदत केंद्र) कुठं आहे विचारा, पोलिसांना तिथं बोलावता येतं. विशेष शिक्षक पायजे असं सुरुवातीलाच सांगा आणि अर्जात लिहा. दाखल्याचं काम पुढच्या आठवड्यात, तुमच्या ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू म्हणून एक कार्यकर्ता असतो, अपंगांच्याच कामासाठी नेमलेला, पीडीओंना (पंचायत विकास अधिकारी) विचारलं की सांगतील, यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाच्या कार्डाचा अर्ज तो भरून देतो. ते कार्ड देशभर चालतं, उद्या ती सीमेपलीकडं राहिली तरी. आणि शाळा. तिसरीनंतर सुटली तरी १८ वर्षांपर्यंत फुकट शिकायचा तिचा हक्क आहे, कर्णबधिर मुलांची शाळा शोधूया, ती मी बघते. चौदाव्या वर्षी सुरुवात केलेल्या पोरी मी चार-पाच वर्षांत दहावीला बसलेल्या बघितल्यात.

पण बसमध्ये बसायच्या आधी, आज रात्रीच, शंभर पानी एक वही घ्या. डाव्या बाजूला खूण, उजव्या बाजूला अर्थ. चहा, झोप, कुत्रं, आजी, पाऊस, भीती, दुखतंय, नको. बहिणीला आठवतील तेवढ्या. चित्र काढता येत असेल तर काढा, नाहीतर मोबाईलवर खुणांचे छोटे व्हिडिओ करा. त्या माणसाची खूण पण त्यातच, बाकीच्यांच्या मधे, वेगळी काढून नको. पहिल्या पानावर तिचं पाळण्यातलं नाव लिहा, आणि स्वतःसाठी ती कुठली खूण करते ते तिलाच विचारून त्याच्या समोर लिहा.